हौदा असलेली गाडी

जुनी मोटार विकत घेणाऱ्या माणसाकडे बेळगावचे लोक कौतुकाने पाहतात. जुना पिकअप घेणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र कोणी पाहत नाही. सगळ्यांचे डोळे आधी हौद्याकडे जातात आणि त्यात किती पोती मावतील याचा हिशेब तिथल्या तिथे सुरू होतो. मी घेतलेली गाडी १९५१ सालची शेवरलेट आहे. तिचे सुटे भाग जहाजातून आले आणि मुंबईत शिवडीच्या कारखान्यात जोडले गेले. हा कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि पन्नाशीच्या दशकातच बंद पडला, त्यामुळे अशा गाड्या आता शोधूनही सापडत नाहीत, हे मी भेटेल त्याला सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, गाडीभोवती एक फेरी मारतो, हौद्याच्या फळीवर बोटाने टकटक करतो आणि विचारतो, "भाड्याला सोडूलालासा काय ओ?"

गाडी मिळाली खानापूरला, एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याच्या आवारात. पुढच्या काचेचे दोन तुकडे मधल्या पट्टीने जोडलेले, नाकावर पाच आडव्या पट्ट्या, रंग कधीकाळी हिरवा असावा असा, आणि बैठकीवर एक खुडूक कोंबडी. मालकांनी सांगितलेली किंमत कोंबडीसकट होती की कोंबडीवाचून, हे विचारण्याचे मला सुचले नाही, कारण तोवर माझी नजर त्या पट्ट्यांवर खिळली होती. सौदा करताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये असे म्हणतात. माझा चेहरा त्या कामाचा नाही. मालकांनी तो नीट पाहिला आणि किमतीत पाच हजार वाढवले. "पाचवं चाकबी हाय, ते सांगायचं ऱ्हायलं," एवढेच स्पष्टीकरण त्यांनी दिले. पाचवे चाक खरोखरच होते. त्याला टायर नव्हता.

गाडीचे आर.सी. पुस्तक हा एक स्वतंत्र ऐवज आहे. पहिल्या पानावर मुंबई राज्याचा शिक्का. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका तेवढा वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. गाडी या साऱ्या काळात नंदगडच्या पलीकडे गेली असेल-नसेल, पण तिचा पत्ता तीनदा बदलला आणि तोही दर वेळी एकाच तारखेला. सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्या आजोबांचेही असेच झाले होते. फक्त त्यांना आर.सी. पुस्तक नव्हते. कागद करून देणाऱ्या एजंटाने ते पहिले पान पाहिले आणि गाडी परराज्यातली असल्याने तिथले ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे ठामपणे सांगितले. ते राज्य १९६० सालीच विसर्जित झाले आहे, हे मी नम्रपणे त्याच्या निदर्शनास आणले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग थोडा वेळ लागंल, पण करून देतो."

गाडी चालू करणे हा माझ्या दृष्टीने आनंदाचा आणि घरच्यांच्या दृष्टीने काळजीचा विषय आहे. किल्ली फिरवल्यावर काहीही होत नाही. स्टार्टरचे लहानसे पेडल ॲक्सिलरेटरच्या शेजारी खाली असते. चोक ओढायचा, ते पेडल पायाने दाबायचे आणि त्याच पायाने ॲक्सिलरेटर हळुवार सांभाळायचा. बॅटरी सहा व्होल्टची आहे. असली बॅटरी मागितली की दुकानदार आधी मोटारसायकलचे मॉडेल विचारतो. दिवे लागतात, पण समोरून येणाऱ्याला आपण दिसावे एवढ्यापुरतेच. रस्ता दिसावा ही अपेक्षा त्यांच्याकडून नाही. पेट्रोलची टाकी बैठकीच्या पाठीमागे, केबिनच्या आतच आहे. हे सौ.ला मी अभिमानाने सांगितले, तेव्हापासून ती गाडीत पाठ न टेकता बसते.

पण खरी गंमत वायपरची. तो विजेवर चालत नाही. इंजिन आत हवा ओढते, त्या ओढीवर तो हलतो. सपाटीवर ठीक. चढ लागला, पाय दाबला, की ती ओढ नाहीशी होते आणि वायपर आहे त्या जागी उभा राहतो. पाय उचलला की दोन हात जोरात मारतो आणि पुन्हा स्वस्थ. म्हणजे पावसात चढताना एक तर गाडी पुढे जाईल, नाही तर समोरचे दिसेल. दोन्ही एका वेळी होणार नाही. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. वंटमुरीच्या घाटात आषाढातल्या एका संध्याकाळी मी दर वळणावर पाय उचलून काच पुसून घेत होतो, आणि मागे ट्रॉल्या वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने, ज्याची स्वतःची गती बैलाला लाजवणारी नव्हती, मला हॉर्न देऊन बाजूला काढले.

इंजिनाचे बेअरिंग जुन्या पद्धतीचे, म्हणजे व्हाइट मेटल ओतून केलेले. ते काम आजच्या गॅरेजात होत नाही. मात्र उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसलेली असल्यामुळे तिथे अशक्य हा शब्द फारसा ऐकू येत नाही. लेथवर काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी बेअरिंगची टोपी हातात घेतली, अंगठ्याचे नख त्या पांढुरक्या थरावरून फिरवले, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि "भाळ छलो ऐत्री", म्हणजे फार चांगले आहे, असे कानडीत म्हणाले. मग त्यांनी टोपीखालच्या केसाएवढ्या पातळ पत्र्यांतला एक अलगद काढून कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. शाफ्ट हलू लागला की असा एक पत्रा काढायचा, खेळ कमी होतो. पत्रे संपले की पुन्हा ओतायचे. सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांनी झीज आधीच हिशेबात धरली होती, हे पाहून मला भरून आले. मिस्त्रींना माझी अवस्था समजली असावी, कारण मजुरी घेताना ते म्हणाले, "सायेब, गाडी छलो हाय. आमच्या नातीचं लग्न हाय, चार टेबलं न्यायची हुती."

या टेबलांपासून सुरुवात झाली. आमच्या गल्लीत मोटारी पुष्कळ आहेत, पण त्यांच्या मालकांना कोणी कपाट घेऊन सासुरवाडीला चला असे म्हणत नाही. माझ्याकडे मात्र सकाळी दूध येण्याआधी रताळ्याची पोती येऊ लागली. भाताचा पिंजर, कुणाचे रुखवत, कुणाची गिरणीची मोटर, आणि एकदा तर चंदगडकडच्या मावसभावाने महाराष्ट्रातल्या शिनोळीपर्यंत काजू पोहोचवण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणजे गाडीने ७० वर्षे जे राज्य फक्त कागदावर पाहिले त्यात ती प्रत्यक्ष जाणार होती, तीही काजू घेऊन. मोबदला म्हणून प्रत्येक जण कुंद्याचा डबा आणतो. आता नकार देणेही कठीण आणि कुंदा खाणेही कठीण.

मी कायद्याचा आसरा घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा. यातल्या इंधन भरण्याच्या कलमाने मला फार आधार दिला आहे. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन पंपापर्यंत जाऊन येण्यात जेवढे पिते, तेवढे भरण्यासाठी पुन्हा पंपावर जावे लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ही मालिका कायदेशीररीत्या कधीच संपत नाही.

नियमाचा मराठी गोषवारा मी छापून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला आणि काचेला आतून चिकटवला. रताळीवाल्यांनी तो वाचला. "व्हय की, धंद्याला न्हाई म्हणलंय. आमी कुठं पैसे देऊलालोय?" असे म्हणून त्यांनी पोती चढवायला घेतली. या युक्तिवादाला उत्तर शोधण्यात माझा एक उन्हाळा गेला.

त्या उन्हाळ्यातच शिवजयंती आली. बेळगावात ती परंपरेने वैशाखात साजरी होते, आणि तिची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी निघते ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. गावोगावचे लोक रस्त्याच्या कडेला जागा धरून बसतात. मंडळाचे अध्यक्ष आणि दोन कार्यकर्ते आले. मी काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवले. अध्यक्षांनी चष्मा लावून तो सबंध वाचला, जे आजवर कोणी केले नव्हते, आणि 'प्रदर्शन' या शब्दावर बोट ठेवले. "हे काय म्हणायचं? सगळं बेळगाव बघाया येतंय. याच्याहून मोठं प्रदर्शन दावा." मी निरुत्तर झालो, खरे सांगायचे तर मनातून सुखावलोही, कारण हजारो माणसे रात्रभर माझी गाडी पाहणार होती. आठवडाभर मी त्या पाच पट्ट्या पितळेच्या पॉलिशने घासत होतो, त्या पितळेच्या नसूनही.

देखावा प्रतापगडाच्या भेटीचा होता. मिरवणुकीच्या दुपारी मी गाडी मंडपात लावली आणि चहा घेऊन परत आलो, तेव्हा गाडी नव्हती. तिच्या जागी प्रतापगड होता. बांबू, गोणपाट, पुठ्ठा आणि करडा रंग यांनी टपापासून टायरपर्यंत काहीही उघडे ठेवले नव्हते. मला समोरचे दिसावे म्हणून तटबंदीत वीतभर झरोका ठेवला होता आणि त्यातूनही एक तोफ पुढे आलेली होती. गाडी अर्धा टन ओझ्याची आहे, हे मी वारंवार बजावले होते. त्यावर शामियाना, महाराज, मावळे आणि खान. खानाची भूमिका करणारे गृहस्थ एकटेच त्या अर्ध्या टनाकडे गंभीरपणे वाटचाल करणारे होते, आणि ते हौद्यात चढले तेव्हा फळ्यांनी काढलेला आवाज मला अजून ऐकू येतो. दर चौकात भेट होई, खान कोसळे, टाळ्या पडत, आणि मी पुढच्या चौकात फळ्या शाबूत पोहोचतील का याचा विचार करी.

मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गाडीचा रेडिएटर तापणारच. हुतात्मा चौकाच्या अलीकडे बुरुजातून वाफ येऊ लागली. लोकांना वाटले तोफ उडाली, आणि त्यांनी जोरदार दाद दिली. दोन मावळे ढाली बाजूला ठेवून बादलीने पाणी ओतू लागले. पहाटेच्या सुमारास झरोक्याशी एक आजोबा येऊन वाकले. त्यांनी आत पाहिले, माझ्या घामेजलेल्या चेहऱ्यावर त्यांची नजर क्षणभर थांबली, आणि त्यांनी शेजारच्या मावळ्याला विचारले, "खाली ट्रॅक्टर कुठला रं? लई दमानं चालूलालाय."

"ट्रॅक्टर न्हवं ओ," बादली खाली ठेवत तो अभिमानाने म्हणाला, "सायबांचा सोताचा टेम्पो हाय!"