लेडीज डब्यातले मटार

आज टाळकं सटकलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार, आधीच सांगून ठेवते.

संध्याकाळची कल्याण स्लो. भायखळा येईपर्यंत सगळ्याजणी आपापल्या जागी स्थिरावल्या होत्या. समोरच्या बाईंनी मांडीवर रुमाल पसरला, मटारच्या शेंगांची पिशवी काढली आणि सोलायला घेतलं. थंडीत कुठल्याही लेडीज डब्यात दिसतं तेच. तर शेजारी उभी असलेली एक मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणते, "आंटी, हे घरी करा ना. ट्रेन आहे ही, किचन नाही." बाईंनी मुकाट पिशवीला गाठ मारली. ती गाठ बघूनच माझं डोकं फिरलं.

अगं, घरी कधी? पावणेआठला दारात पाऊल टाकायचं, चपला काढता काढता कुकर लावायचा, पोराचा अभ्यास, सासूबाईंची गोळी, उद्याच्या डब्याची तयारी. बसायला मिळतं ते याच गाडीत. हे मी तिला तिथल्या तिथे ऐकवलं. तिने खांदे उडवले आणि इअरफोन परत कानात.

किचन नाही म्हणे! याच डब्यात संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं, तिळगूळ वाटला जातो, वाण लुटलं जातं. डोहाळजेवणंसुद्धा झालीत इथे.

माझी आई व्ही.टी. ते डोंबिवली जायची, एका सरकारी कचेरीत होती. दिवाळी सरली की पर्सबरोबर एक कापडी पिशवी असायचीच. मटार, पावटा, तुरीच्या शेंगा, निवडायला मेथीची जुडी. एकीने पिशवी उघडली की चौघींचे हात पुढे. चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेलीसुद्धा मूठभर शेंगा मागून घ्यायची. मुलुंडला उतरणारी आपल्या वाटणीचे दाणे ओंजळीने परत करून उतरायची. एकदा कुर्ल्याला लोंढा आत घुसला आणि आईचे सोललेले सगळे दाणे खाली. त्या तसल्या गर्दीत बायकांनी पाय उचलले, वाकल्या, सीटखाली हात घातले आणि वेचून वेचून दाणे तिच्या पिशवीत भरून दिले. आईने घरी येऊन ते खळखळून धुतले आणि उसळ टाकली. बाबा जेवताना म्हणाले, "मटार कोवळे आहेत हो यंदा."

बरं, सालं सीटखाली सरकवणाऱ्या बायका असतात, आणि डब्यात झुरळं त्यामुळेच होतात. मान्य. त्यांना बोला, जरूर बोला. या बाई सालं पिशवीतच टाकत होत्या.

मुंबईत थंडी ती केवढी! १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ वर उतरला होता, हे बाबा दर वर्षी पेपर वाचता वाचता सांगायचे. आई बाजूला बसून शेंगा निवडत ऐकायची. हल्ली बदलापूर-वांगणीच्या बायका सकाळी स्वेटर घालून चढतात आणि ठाण्याला तो पिशवीत कोंबतात. आपल्याला थंडी कळते ती ताटात. मटारच्या करंज्या, उसळ-पाव, वांग्यात पावटा, हिरव्या लसणीची चटणी. परवा तर भोगी. सोलाणे, पावटे, घेवडा, गाजर, वांगी, ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे घरातला प्रत्येक खाणारा न चुकता म्हणतो. सोलणारीचं काय होतं, यावर काही म्हण निघालेली नाही.

"मग सोललेले आण ना, मिळतात की." हे आमच्या घरातलं थोर मत. मिळतात. दादरला स्टेशनबाहेर पाव किलोचे पुडे बांधून ठेवलेले असतात, भाव चढा. ते सोलतं कोण? तिथेच जमिनीवर बसलेली दुसरी बाई. तिची नखं बघा एकदा.

लिहिता लिहिता त्या मुलीवरचा राग जरा उतरलाय. ठाण्यापर्यंत उभीच होती बिचारी, पाठीला लॅपटॉप. तिच्या घरीही कोणीतरी अशीच पिशवी घेऊन येत असेल, आणि तिला ते आयुष्य नकोच असेल. नको असेल तर उत्तम. पण मग बोलायचं कोणाला, ते तरी नीट बघ ना बाई! मांडीवर रुमाल पसरून बसलेली समोर आयती सापडते. घरी सोफ्यावर बसून "आज काय आहे जेवायला" विचारणाऱ्याला हटकायला जास्त हिंमत लागते. पश्चिम रेल्वेने १९९२ मध्ये लेडीज स्पेशल सुरू केली. शेंगा सोलायला बसणारा नवरा अजून कुठल्या सिग्नलला अडकलाय, देव जाणे.

बाबा वाईट नव्हते. कोवळे आहेत म्हणाले ते कौतुकानेच म्हणाले. पण ते कोणी सोलले, कुठे सोलले, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि आईनेही कुर्ल्याची गंमत त्यांना कधी सांगितली नाही. मला सांगितली ती बाबा गेल्यावर, हसत हसत. तेव्हा मीही हसले होते. आज आठवलं तर नाही हसू आलं.

असो. आत्ता भोगीची सगळी पिशवी डायनिंग टेबलावर उपडी केली आहे आणि नवरा व चिरंजीव समोरासमोर बसवले आहेत. निम्मे मटार तोंडात जातायत, टीव्ही चालू आहे, वेग विचारू नका. मघाशी आतून प्रश्न आला, "यातला पावटा कुठला आणि घेवडा कुठला?"

गूगल करा म्हटलं.