'लातूरचा एक बाप' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जुनं नाव कशासाठी घ्यायचं?

नमस्कार काका,

ब्रिटनमधल्या जुन्या विद्यापीठांवर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. सही एवढीच, 'लातूरचा एक बाप'. मुलगी बी.एस्सी. झाली असं म्हणता, म्हणून मी काका म्हणते आहे. दोन ओळींत उत्तर देऊन हात झटकावेत अशी ती प्रतिक्रिया नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. विद्यापीठ किती शतकांचं आहे एवढ्यावर भाळून राहतं घर तारण ठेवू नका, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "तुम्ही स्वतः पावणेसहाशे वर्षांच्या ग्लासगो विद्यापीठात शिकलात आणि आता आमच्या पोरींना सांगता की नाव बघू नका. वर चढल्यावर शिडी ओढून घेण्याचा हा प्रकार झाला. मोठ्या शहरातल्या मुलांना ओळखी असतात. आमच्या मुलीच्या बाजूने बोलायला तिच्या विद्यापीठाचं नावच असणार. बाबासाहेबही विलायतेलाच गेले होते." मुलीला दोन ऑफर आहेत: एक शेकडो वर्षं जुन्या विद्यापीठाची, दुसरी १९६०च्या दशकात निघालेल्या, 'आमच्याकडे कुणी ऐकलंही नसेल' अशा विद्यापीठाची. तुमचा कल अर्थातच पहिल्याकडे आहे.

शिडीची गोष्ट मला लागली, कारण ती पूर्ण खोटी नाही. माझ्या विद्यापीठाच्या नावाचा मला फायदा झाला आहे. शिकून झाल्यावर भारतातल्या एका संग्रहालयाशी बोलणं चाललं होतं. समोरच्यांनी माझ्या कामाची फाइल उघडायच्या आधीच नाव ऐकून होकार दिला. हे मी लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. माझी चूक झाली. आणि ज्याच्या मागे कुणी नाही त्याला नावाचा आधार जास्त वाटतो, हेही मला कुणी शिकवायला नको. माझे वडील सोलापुरात मागावर कामाला होते, माझी दहावी मराठी शाळेतली. तुम्ही ज्या मुलीबद्दल लिहिताय, तशीच मी होते.

म्हणूनच मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला वेळेत सांगावंसं वाटतं.

ग्लासगोत पहिल्या दिवशी मी गिलमोरहिलच्या टेकडीवर त्या उंच मनोऱ्याखाली उभी राहिले आणि घरी फोन लावला. बाबांना म्हटलं, "१४५१ सालच्या इमारतीत उभी आहे." मला रडू येत होतं, त्यांनाही. आठवड्याभरात कळलं की ती इमारत १४५१ची नाहीच. विद्यापीठ १४५१चं, पण ते आधी कॅथेड्रलच्या आसऱ्याने आणि मग हाय स्ट्रीटवर चारशे वर्षं नांदलं. एकोणिसाव्या शतकात ती जागा रेल्वे कंपनीला विकली गेली, पुढे तिथे मालधक्का झाला, आणि विद्यापीठ १८७० मध्ये या टेकडीवर आलं. जुन्या जागेतला सिंह आणि युनिकॉर्न कोरलेला दगडी जिना तेवढा उचलून इथे आणून बसवला. बाकी ज्या गॉथिक कमानींचे फोटो आपण प्रॉस्पेक्टसमध्ये पाहतो, त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुरचनाकाराने व्हिक्टोरियन काळात काढलेल्या आहेत.

या स्कॉटनेच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे केले, मुंबईत पाऊलही न ठेवता. मुंबईत शिकत असताना मी दोन वर्षं त्या टॉवरखालच्या ग्रंथालयात बसून अभ्यास केला होता. फोर्टमधल्या त्या दगडाकडे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. ग्लासगोत मात्र त्याच माणसाच्या हातच्या कमानीखाली माझा गळा दाटून आला. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७चं, म्हणजे ज्या भिंतींपुढे मी हात जोडले त्यांच्याहून वयाने मोठं. हे कळल्यावर मी स्वतःला विचारलं की मी नेमकी कशापुढे नतमस्तक होते आहे?

उत्तर माझ्याच अभ्यासक्रमात सापडलं. मी जुन्या कापडांचं जतन शिकायला आले होते, दोन वर्षांचा एम.फिल. विरलेलं रेशीम ओलाव्याने हळूहळू सैल कसं करायचं, सुरकुती कशी उतरवायची, केसासारख्या धाग्याने खालच्या अस्तराला टाका कसा घालायचा, आणि मुख्य म्हणजे कुठे हात लावायचाच नाही. वर्गात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षिका शेजारी बसून टाका बघायच्या. ही विद्या ग्लासगोत १४५१ पासून नव्हती. कॅरन फिंच नावाच्या बाईंनी १९७५ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात कापड जतनाचं केंद्र काढलं. १९९९ मध्ये ते विंचेस्टरला साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे गेलं आणि तिथे २००९ मध्ये बंद झालं. त्या परंपरेला २०१० मध्ये ग्लासगोने जागा दिली. म्हणजे माझ्या पदवीवरचं नाव पावणेसहाशे वर्षांचं, पण मला ज्याने घडवलं ते शिक्षण माझ्या आईपेक्षाही लहान. विद्यापीठाचं वय एक असतं आणि विषयाचं वय दुसरंच. नोकरीत रोज माझ्या हाताला येतं ते दुसरं.

मला हे आधी ठाऊक होतं असं समजू नका. माझ्या शहरातल्या एका एजंटने हा अभ्यासक्रम बघायलाही नकार दिला होता. "हे चालत नाही, मॅनेजमेंट घ्या, रसेल ग्रुपचं विद्यापीठ मिळवून देतो," असं तो सांगत होता. विद्यार्थी दाखल झाला की विद्यापीठाकडून एजंटला कमिशन मिळतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आणि रसेल ग्रुप म्हणजे काय हेही नव्हतं. संशोधनावर भर असलेल्या मोठ्या विद्यापीठांनी १९९४ मध्ये आपापसांत जमवलेला तो गट आहे. आज त्यात २४ विद्यापीठं आहेत. १९६५ साली निघालेलं वॉरिक त्यात आहे. स्कॉटलंडमधलं सगळ्यात जुनं सेंट अँड्र्यूज त्यात नाही. आपल्याकडे मात्र जुनं, रसेल ग्रुप आणि चांगलं हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात.

आता बाबासाहेब. त्यांचं नाव तुम्ही घेतलंत, म्हणून जपून लिहिते. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. ती संस्था १८९५ची, म्हणजे तेव्हा अवघी एकवीस वर्षांची. तुमच्या मुलीला ज्या '१९६०च्या दशकातल्या' विद्यापीठाची ऑफर आहे, ते आज त्याच्या जवळजवळ तिप्पट वयाचं आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज तेव्हाही शतकांची परंपरा मिरवत उभी होती. बाबासाहेबांच्या मनात काय होतं ते मी त्यांच्या वतीने सांगणार नाही, पण त्यांचा विषय अर्थशास्त्र होता आणि त्या विषयासाठीच ती संस्था काढलेली होती. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. तो पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपल्याला काय पटलं नाही तेही मोकळेपणाने लिहिलं. मतभेद नोंदवण्याइतकं बारकाईने वाचणारा गुरू! तुमच्या मुलीला असा एक जरी माणूस मिळाला, तर ती कुठल्या शतकातल्या विद्यापीठात आहे याला मी फार महत्त्व देणार नाही.

याचा अर्थ जुनेपणा कवडीमोल आहे, असं मी म्हणत नाही. रँग्लर परांजपे दापोलीकडच्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले आले. गणितातल्या त्या परीक्षेसाठी केंब्रिजच गाठायला हवं होतं, आणि तिथलं जुनेपण त्यांच्या थेट उपयोगी पडलं. ग्लासगोचं हंटेरियन संग्रहालय १८०७ पासून आहे. माझ्यासारखीला तिथे वस्तू हाताळत शिकायला मिळालं. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत रेक्टरची निवडणूक असते आणि नोंदणी झालेला प्रत्येक विद्यार्थी मत देतो, मग तो कुठल्याही देशाचा असो. विद्यापीठाच्या कारभार मंडळात विद्यार्थ्यांची बाजू मांडण्यासाठी तो माणूस निवडायचा. माझ्या आयुष्यातलं परदेशातलं पहिलं मत ते होतं आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखलाही मीच देते. न्यूयॉर्कमध्ये गुलामीत जन्मलेल्या जेम्स मॅक्यून स्मिथ यांना काळे म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांनी प्रवेश नाकारला. ग्लासगोने दिला. १८३७ मध्ये ते इथून डॉक्टर झाले. वैद्यकीय पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. कुणी पाठीशी नसलेल्या माणसाला जुन्या विद्यापीठाने दार उघडल्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. याच विद्यापीठाने २०१८ मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की गुलामगिरीतून आलेल्या पैशाचा त्याला लाभ झाला होता. दोन्ही गोष्टी त्याच इतिहासातल्या आहेत. आता तिथल्या अभ्यासाच्या मोठ्या इमारतीला मॅक्यून स्मिथ यांचं नाव आहे. मी त्या दारातून आत जाताना दरवेळी ते नाव वाचते. पण काका, त्यांना त्या दाराआड मिळाली ती नेमकी त्यांना हवी असलेली वैद्यकी. तुमच्या मुलीला जुन्या विद्यापीठात जो अभ्यासक्रम मिळतोय, तो तिला हवा आहे का? तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत तिचा विषय कुठेच आलेला नाही. विद्यापीठांची वयं मात्र आली आहेत.

पैशाचं आणि मुदतीचंही बघा. लंडनबाहेर शिकायचं तर आजच्या नियमाप्रमाणे व्हिसासाठी फीशिवाय नऊ महिन्यांच्या खर्चाचे १०,५३९ पौंड खात्यात दाखवावे लागतात. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा. ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिकून झाल्यावर नोकरी शोधायला किंवा करायला मिळणाऱ्या व्हिसावर, आजवर दोन वर्षं राहता यायचं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.एस्सी. वाल्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. तुमची मुलगी पुढच्या सप्टेंबरला गेली तर ती याच नियमात येते. त्या दीड वर्षात तिला असा मालक शोधावा लागेल, जो स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे नोकरीच्या आधारावर पुढे राहण्याच्या परवान्यासाठी, तिला प्रायोजित करील आणि नव्या उमेदवारालाही बहुतेक पेशांत वर्षाला किमान ३३,४०० पौंड पगार देईल. शिवाय एक वर्षाच्या एम.एस्सी.त वर्ग एप्रिलच्या आसपास संपतात, उन्हाळा प्रबंधात जातो, आणि मोठ्या कंपन्यांची नवीन पदवीधरांची भरती सुरू होते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुलं अजून बॅगा उघडत असताना. या धावपळीत कामाला येतं ते तिला काय करता येतं, आणि विभागातलं कोण तिला कुणाकडे पाठवू शकतं.

एका बाबतीत मात्र नाव किंवा क्रमवारी खरोखर तपासा. मुलगी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार असेल तर नियम नीट वाचा. आपल्या राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. तिथे भावनेचा प्रश्नच नाही. क्रमवारीत बसलं तर पूर्ण खर्च सुटू शकतो, आणि मग मीही तुमच्याच बाजूने उभी राहीन. पण क्रमवारी म्हणजे वय नव्हे, तेवढं लक्षात असू द्या.

जागा राखून ठेवण्यासाठीचं डिपॉझिट भरायची मुदत बहुधा अजून लांब आहे, म्हणून एक काम सुचवते. ते मुलीनेच करावं. दोन्ही विद्यापीठांत तिच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुखांना स्वतः ईमेल लिहावा, एजंटकरवी नाही. विचारावं की अनिवार्य विषय कोण शिकवतं, वर्गात गेल्या वर्षी किती विद्यार्थी होते, प्रबंधाला मार्गदर्शक कसा ठरतो, प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास मिळतात, आणि मागच्या तुकडीतल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी कुणाशी बोलता येईल का. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, माझंही होतं. मला तेव्हा आठवड्याभरात दीड पानाचं उत्तर आलं होतं आणि त्यात माझ्या सोलापुरी चादरीच्या उल्लेखावर उलट दोन प्रश्न होते. तिथेच माझा निर्णय झाला.

तुम्ही दोन्ही विद्यापीठांची नावं लिहिली नाहीत ते बरंच केलंत, इथे लिहूही नका. उत्तरं आली की दोन्ही अभ्यासक्रमांच्या विषयांची यादी आणि ती उत्तरं मुलीला माझ्याकडे पाठवायला सांगा. ब्लॉगवर संपर्काचा रकाना आहे. सध्या इथे पावणेचारलाच अंधार पडतो, रविवारी मी दिवसभर घरीच असते. तिला बोलायचं असेल तर तुमच्या रात्री नऊपर्यंत केव्हाही चालेल. तुम्हीही शेजारी बसा.