पोटातल्या बाळाला ग्रहण लागत नाही

'विश्व माणसासाठीच घडलं, आता विज्ञानानेही मान्य केलं' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातले दावे असे: सूर्यातून ॐ निघतो आणि नासाने तो रेकॉर्ड केलाय, आपण ताऱ्यांच्या धुळीचे आहोत म्हणून तारे आपल्याला चालवतात, अंगात सत्तर टक्के पाणी असल्यामुळे चंद्र समुद्रासारखा आपल्यालाही ओढतो, जन्मवेळचे ग्रह बाळाची बुद्धी ठरवतात, आणि ग्रहणात 'वैश्विक किरणं' वाढतात, म्हणून गर्भवतीने खाऊ-पिऊ नये, चिरू-कापू नये. असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत नाही. पण ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या दिवशी याच मेसेजचा आधार घेऊन माझ्या सात महिन्यांच्या गरोदर भाचीला दुपारपासून पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही. तेव्हा शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करते.

चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणं. ही सावली आपल्या रोजच्या ओळखीची आहे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत आपण सगळे तिच्यातच असतो, गर्भवतीसुद्धा, नऊ महिने, रोज रात्री. मग सावलीत किरणं वाढणार कुठून? चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो आणि त्यातला निळा भाग वाटेतच विखुरला जातो. वैश्विक किरणं खरी आहेत, पण ती दूरच्या अवकाशातून बारा महिने चोवीस तास येतच असतात. त्यांच्यापासून हवेत तयार झालेले म्युऑन नावाचे कण हे वाचतानाही तुमच्या तळहातातून आरपार जाताहेत, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. चंद्र सावलीत गेला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

आता चिरण्या-कापण्याचं. ग्रहणात विळीला हात लावला की बाळाचा ओठ फाटतो म्हणे. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्या आठवड्यापर्यंत. सातव्या महिन्यात ते काम कधीच संपलेलं असतं, आणि जुळलेला ओठ विळीने किंवा चंद्राने पुन्हा उघडत नाही. तो जुळायचा राहतो त्यामागे आनुवंशिकता, आईचं धूम्रपान, मधुमेह, फिट्सवरची काही औषधं अशी कारणं असू शकतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. त्या न सापडलेल्या कारणाच्या जागी आपल्याकडे आईला उभं करतात. ओठाला टाके घातलेलं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला 'ग्रहणात काय केलं होतंस?' असं विचारतात. ती बिचारी आयुष्यभर आठवत राहते, कांदा चिरला होता का, सुई हातात घेतली होती का. या मेसेजचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे.

त्या दिवशी वेध दुपारी १२:५७ ला लागले आणि ग्रहण रात्री १:२६ ला सुटलं. जवळजवळ साडेबारा तास. गरोदरपणात शरीराला एरवीपेक्षा जास्त पाणी लागतं. ते तोडलं तर चक्कर येते, लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, अवेळी कळा येऊ शकतात. मेसेज परंपरेचं नाव घेतो, पण पंचांगातसुद्धा लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांना वेध उशिरा धरायला सांगतात. परंपरेने दिलेली सवलतही यांनी काढून घेतली.

एवढं मात्र मान्य करते, की सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये. डोळ्याचा पडदा भाजतो आणि दुखत नाही, त्यामुळे वेळेवर कळत नाही. पण हा नियम सगळ्यांनाच आहे, गर्भाशी त्याचा संबंध नाही. चंद्रग्रहण तर गच्चीवर जाऊन खुशाल बघावं.

चंद्राच्या ओढीचं थोडक्यात. चंद्र पाणी निवडून ओढत नाही, खडकालाही ओढतो. भरती येते, कारण पृथ्वी पावणेतेरा हजार किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीत फरक पडतो. पाच-साडेपाच फुटांच्या देहात तो फरक नसल्यातच जमा. मुंबईच्या समुद्राला चार-पाच मीटरची भरती येते, खडकवासल्याच्या धरणाला येत नाही. पाणी तेच आणि चंद्रही तोच.

ॐ चं म्हणाल, तर सूर्याचा आवाज आपल्यापर्यंत येणारच नाही, मधे पोकळी आहे. सूर्याच्या पृष्ठभागाची कंपनं सोहो या यानाने मोजली. ती इतकी संथ आहेत, की ऐकू यावीत म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांचा वेग ४२,००० पट वाढवला. त्यातून जी घुमघुम निघते, तिच्यात ज्याला जे ऐकायचं ते ऐकू येतं.

ताऱ्यांच्या धुळीचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने कबूल करावंच लागेल. रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम ताऱ्यांमध्येच घडलं. १९५७ मध्ये बर्बिज दांपत्य, फाउलर आणि फ्रेड हॉयल या शास्त्रज्ञांनी हे सविस्तर मांडलं. पण ज्या ताऱ्यांत ते घडलं, ते सूर्य जन्मण्याआधीच संपले होते. ते आज आपल्याला काय चालवणार? आणि विश्व १३८० कोटी वर्षांचं, माणूस जेमतेम तीन लाख वर्षांचा. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून २६,००० प्रकाशवर्षं दूर, किमान दहा हजार कोटी ताऱ्यांपैकी एक. हे सगळं आपल्यासाठी मांडलंय असं म्हणायला छातीच लागते.

राहिली बुद्धी ठरवणाऱ्या ग्रहांची गोष्ट. मंगळ अगदी जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर आला, तरी बाळाला त्याची जेवढी ओढ जाणवेल, त्याहून शेजारी उभ्या नर्सची किंचित जास्तच भरेल. पण गणित बाजूला ठेवू, कारण हा दावा आपल्या पुण्यात तपासून झालाय. हॉयल यांचेच विद्यार्थी जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि एवढंच विचारलं, यातलं मूल कोणत्या गटातलं? ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती. निकाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पद्धतीसकट छापून आलाय. ज्यांना तो पटत नाही, त्यांनी नव्या २०० पत्रिका घ्याव्यात, त्याच अटींवर चाचणी करावी आणि आकडे छापावेत. तोवर हा मेसेज कुठल्याही गरोदर बाईच्या घरी पाठवू नये.