तुटक रेषांचं गाव

चुलतभावाचा फोन आला तेव्हा इथं इंग्लंडमधल्या सफकमध्ये दुपारचे साडेचार वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख पडला होता. तिकडं माढा तालुक्यात रात्रीचे दहा. "अक्का, यंदाही ऊस अडकला," एवढंच तो बोलला. पुढचं मला ठाऊक होतं. आमच्या रानाकडं जाणारी पाणंद दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत आता बैल जाईल एवढीच उरली आहे. ट्रॅक्टर आत जात नाही. मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत काढायच्या तर टोळी वाढीव पैसे मागते, आणि ज्यांनी पाणंद खाल्ली ते आमचेच भाऊबंद.

मी ज्या गावात राहते तेही साखरेच्याच पट्ट्यात आहे. फक्त इथं ऊस नाही, बीट. जवळच्या बरी सेंट एडमंड्स या शहरातला साखर कारखाना 1925 सालचा. हिवाळ्यात त्याची वाफ दुरून दिसते आणि बिटाचे ट्रक रस्त्यावर चिखल सांडत जातात. नवीन आले तेव्हा मला त्या वाफेचाच काय तो आधार वाटला होता. बाकी सगळं अनोळखी होतं. गारगोटीच्या दगडाचं चर्च, एक पब, एक सभागृह, रस्त्यावर दिवे नाहीत, पाच वाजता सगळ्यांची दारं बंद. पहिले तीन महिने मी गावात कुणाशी मोकळेपणानं बोलले नाही. दवाखान्यातली ड्युटी, गाडी, घर. शांतता शांतता म्हणून इथं येणाऱ्यांना मी खरं सांगते, की पहिल्या हिवाळ्यात ती अंगावर येते.

ती सुसह्य झाली एका पिवळ्या बाणामुळं. चर्चच्या मागं लाकडी खांबावर हाताच्या पंजाएवढी चकती आहे, तिच्यावर पिवळा बाण. तो सरळ एका शेताकडं दाखवतो. गव्हाचं शेत, मालक दुसराच. मी कितीतरी दिवस तिथून परत फिरायचे. कुणी हटकलं तर काय सांगायचं? आमच्याकडं दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला की "कुणाची गं तू?" हा प्रश्न ठरलेला, आणि इथं तर माझा रंगच मी परकी असल्याचं सांगतो. एका रविवारी कुत्र्याला घेऊन निघालेल्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "चल की, ही वाट सगळ्यांची आहे." त्यांच्यामागून मी त्या शेतातून पहिल्यांदा चालले. भोवती पोटरीएवढा हिरवागार गहू आणि मधून मीटरभर रुंदीची मातीची पट्टी, थेट पलीकडच्या कुंपणातल्या फाटकापर्यंत. तिच्यावर गव्हाचं एक रोप नव्हतं.

जमीन शेतकऱ्याची, पण त्या पट्टीवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. शेताच्या मधून जाणारी वाट त्याला पेरणीसाठी नांगरता येते. मात्र पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत ती किमान एक मीटर रुंदीनं पुन्हा सपाट करून, दिसेल अशी आखून द्यावी लागते, आणि तिच्यावर पीक वाढू द्यायचं नाही. बांधाच्या कडेनं जाणारी वाट असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. या सगळ्या वाटा सरकारी नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून त्यांची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

हे मी गावाकडच्या ग्रुपवर लिहिलं, फोटोही टाकला, आणि वाद पेटला. पाणंदीचा वाद आमच्याकडं नवा नाही. 2021 मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. 2025 च्या मे महिन्यात शासनानं शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी, असं ठरवलं. ग्रुपवर अर्ध्यांचं म्हणणं, इंग्रज शिस्तीचे, आपल्याकडं हे जमायचं नाही. उरलेल्यांचं म्हणणं, तिथं शेकडो एकरांची शेतं, त्यांना मीटरभर जागा जड नाही, आपण गुंठ्यांवर जगतो.

पहिलं म्हणणं मला मान्यच नाही. मागच्या वसंतात आमच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं अशीच वाट नांगरली आणि वर पेरून मोकळा झाला. महिना गेला तरी पट्टी नाही. आजी त्या कोवळ्या पिकातून रोज चालत राहिल्या, त्याच रेषेवरून. मी म्हटलं, पीक तुडवायला जीव होत नाही. त्या म्हणाल्या, "चाललं नाही तर वाट मरते." मग त्यांनी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत तो विषय मांडला. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, अधिकार आपल्या पंचायतीहून पुष्कळ कमी. सभागृहात दहा-बारा खुर्च्या, चहा, आणि एक पगारी क्लार्क. तिनं जिल्हा पातळीवरच्या काउंटी कौन्सिलला कळवलं, तिथून शेतकऱ्याला पत्र गेलं आणि काही आठवड्यांत पट्टी पुन्हा उमटली. तोही माणूसच, त्यालाही चार ओळी जास्त पेरायचा मोह झाला. तिथल्या आणि इथल्या माणसांत मला काडीचा फरक दिसला नाही. फरक इतकाच होता की तक्रार करणाऱ्या आजींचं त्या शेतापलीकडं एक वाफाही नाही. त्यांचं रान अडलेलं नव्हतं. तरी त्यांना बोलायचा पूर्ण हक्क होता, कारण वाट अडली म्हणजे गावाची अडली.

आमच्याकडं नेमकं उलटं आहे. वाट ज्याची अडली त्यानंच तहसीलदाराकडं जायचं. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अडथळा काढून घेता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायला हवा. सहा महिने! भावकीत पहिले सहा महिने जातात ते थोरल्यांच्या मध्यस्थीत, "दिवाळीला बसून मिटवू" म्हणण्यात, लग्नकार्यात तोंडं फिरू नयेत म्हणून गप्प राहण्यात. माझ्या चुलत्यांनी तेच केलं. ते चांगुलपणानं थांबले आणि मुदत निघून गेली. इंग्लंडच्या कायद्यात एकदा सार्वजनिक झालेली वाट नुसत्या अडवण्यानं किंवा वापर थांबल्यानं संपत नाही, मध्ये शंभर वर्षं गेली तरी. उलट लोक 20 वर्षं विनाहरकत एखाद्या वाटेनं जात राहिले, तर ती सार्वजनिक म्हणून मागता येते. इथं काळ चालणाऱ्याच्या बाजूनं आहे. आमच्याकडं तो अडवणाऱ्याच्या बाजूनं आहे, आणि मला वाटतं सगळ्या शिस्तीच्या गप्पांपेक्षा हा एक फरक मोठा आहे.

दुसरं म्हणणं मात्र खरं आहे. शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्ता म्हणजे जवळजवळ तीन गुंठे. ज्याच्याकडं वीसच गुंठे आहेत त्याच्याकडून तीन मागणं अन्यायाचं आहे आणि तो भांडणारच. पण ग्रुपवर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून नवा रस्ता मागणं. तिथं जमीन खरोखर कुणाची तरी जाते, दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मी निम्मी सोसली पाहिजे आणि लहान शेतकऱ्याला मोबदल्याचा विचार झाला पाहिजे. दुसरी, गाव नकाशावर आधीपासून असलेली पाणंद किंवा गाडीमार्ग. ती कुणाच्याच लागवडीच्या क्षेत्रात नव्हती. तिथं कुणाचा गुंठा जात नाही, फक्त घेतलेला परत करायचा असतो. आधी या जुन्या वाटा मोजून, क्रमांक देऊन, दगड रोवून मोकळ्या करा. तेवढ्यानं निम्मी भांडणं तरी मिटतील असं मी मनापासून मानते. आणि त्या अडल्या तर तक्रार ग्रामसभेतल्या कुणालाही करता यावी, मग तो भूमिहीन असला तरी. शेतमजुरालाही त्याच वाटेनं कामावर जायचं असतं.

इथल्यांना हे कुणी आयतं दिलं नाही, हेही गावाकडं सांगावंसं वाटतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेनं कायद्यामागून कायदे करून गायरानांना कुंपणं घालू दिली आणि त्यात गरिबांची सरपणाची, चराईची सोय गेली. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार जमीनमालकांची मनाई मोडून डर्बिशरमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावणारा कायदा आला तो 1949 मध्ये, आणि त्यासाठीची पहिली पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनीच केली. कोणती वाट कुठून कुठं जाते हे गावकऱ्यांनी स्वतः चालून लिहून दिलं. त्यातूनही सुटलेल्या वाटा अजून आहेत. आमच्याच गावातले दोन निवृत्त शिक्षक आठवड्यातून एकदा अभिलेखागारात बसून जुने नकाशे चाळतात, अशीच एक वाट सिद्ध करायला.

आता त्या वाटेवर मला निम्मं गाव ओळखतं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा मुलगा घरं परवडत नाहीत म्हणून शहरात गेला, हे मला फाटकाशी थांबून कळतं. गाव अजूनही शांतच आहे, पण आता ती शांतता मला भीती घालत नाही.

फोनवर मी भावाला म्हटलं, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढ. त्यानं पंधरा दिवसांनी फोटो पाठवला. कडा फाटलेल्या, पण रेषा स्पष्ट. गाडीमार्गाला दुहेरी तुटक रेष, पायमार्गाला एकेरी. मी इथं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून एकेक मोजली. अकरा निघाल्या. "यातल्या आज कितींवरून गाडी जाते?" मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मनातल्या मनात शिवार फिरून आला असावा. "तीन," म्हणाला. मग म्हणाला, "अक्का, ती मसोबाच्या मागची रेष बघितलीस? तिथं वाट होती हेच मला माहीत नव्हतं." येत्या ग्रामसभेत तो ती नक्कल भिंतीवर लावणार आहे.