गोडावणचा फोटो आणि खाली 'डीजे नाइट'

आज सकाळी चहाच्या आधीच डोकं फिरलं. गेल्या डिसेंबरात जैसलमेरला ज्या आलिशान डेझर्ट कॅम्पमध्ये आम्ही दोन रात्री राहिलो होतो, त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आलाय. नव्या सीझनची जाहिरात. वर गोडावणचा, म्हणजे आपल्या माळढोकचा, मान ताणलेला झकास फोटो. त्याखाली सोनेरी अक्षरांत 'राष्ट्रीय मरू उद्यानाच्या कुशीत'. आणि त्याच्याही खाली? 'अनलिमिटेड डिनर, फायर शो, डीजे नाइट'.

अहो, ज्याचा फोटो लावलाय त्याला विचारलंत का, की बाबा तुला कुठलं गाणं वाजवू?

ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांना हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. मी पाहिलाय. म्हणून चिडलेय.

मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला आम्ही मरू उद्यानातल्या सुदासरीकडे निघालो. जीपवाले काका साठीचे, डोक्याला केशरी फेटा, बोलणं मोजकं. बसल्याबसल्या त्यांनी नवऱ्याच्या पिवळ्याधमक टोपीकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "हुकम, ये टोपी उतार दो." मग गवताळ पट्ट्याशी जाऊन इंजिन बंद. चाळीस मिनिटं काहीही नाही. सेवण गवतावर दव, लांबवर दोनचार चिंकारा, एक कोल्हा आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेला. नवरा मोबाइल काढणार एवढ्यात काकांनी नुसतं बोट वर केलं. गवतातली एक काडी हलत होती. काडी नव्हती, मान होती. पांढरी मान आणि डोक्यावर काळी टोपी. (त्याची चालते. आमची पिवळी चालत नाही.) जेवण झाल्यावर घरातली वडीलधारी माणसं अंगणात शतपावली करतात ना, तस्सा चालत होता. घाई नाही, कुणाची भीडभाड नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे इथं लिहायला लाज वाटत नाही. असे सगळ्या देशात मिळून १५० च्या आसपास उरलेत हो!

आणि काका? ते पक्ष्याकडे बघतच नव्हते. आभाळाकडे बघत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, उडाला तर कुठल्या बाजूला उडेल ते बघतोय, त्या अंगाला विजेच्या तारा आहेत.

या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. समोरचं त्याला नीट दिसतच नाही. त्यात अंगानं जड, मोठा नर १५ किलोपर्यंत भरतो. विजेची तार दिसेपर्यंत ती छातीवर आलेली असते आणि ऐनवेळी वळणं त्याला जमत नाही. मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक गेला की भरून यायला वर्षं लागतात. काकांनी तारेखाली मरून पडलेला एक गोडावण वनरक्षकाबरोबर जाऊन उचलला होता. केवढा होता, तर हातांनी माप दाखवलं, "बकरी के बच्चे जितना." पुढे काही बोलले नाहीत.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्या म्हणून आदेश दिला होता. २०२४ मध्ये तो सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. या तारांतून येणारी सौरऊर्जा हवी, मलाही हवी, माझ्याही घरात एसी आहे. ठीक आहे. पण उभ्या वाळवंटात तार न्यायला तेवढीच जागा सापडते?

बरं, तारांचं आपल्या हातात नाही म्हणू. डीजे तर आपल्या हातात आहे!

त्याच रात्री कॅम्पात दोन मांगणियार, म्हणजे तिथले पिढीजात लोकगायक, बसले होते. म्हातारबुवांच्या मांडीवर कमायचा, त्यांचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य. असा आवाज की पोटात हलतं. वीस मिनिटं झाली असतील. मॅनेजरनं घड्याळाकडे बोट दाखवलं, कारण डीजेची वेळ झाली होती. म्हातारबुवा कमायचाला त्याची फुलाफुलांची खोळ घालत होते, नाडी बांधत होते आणि त्यांच्या कानाशी स्पीकरवर तेच गाणं सुरू झालं जे आपल्याकडे प्रत्येक वरातीत असतं. टाळ्या वाजवणारे कोण? आपणच. निम्मा कॅम्प मराठी होता.

हो, माहितीय, कॅम्पांमुळे आसपासच्या पोरांना काम मिळतं, कलाकारांना चार महिने बिदागी मिळते. मिळते. मान्य. पुढे.

मरू उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे. आमचा कॅम्प होता त्याच सम गावात २०१९ पासून गोडावणची रानातली अंडी आणून, उबवून, पिल्लं वाढवताहेत. माणसं रात्र रात्र जागून एकेक पिल्लू जगवतात. आणि समच्याच वाळूत आपण दोन रात्री येऊन 'आवाज वाढव' म्हणायचं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला काय झालं? माळढोकच्या नावाचं अभयारण्य आहे, आणि तो दिसला की पेपरात बातमी येते. आता जैसलमेरचीही तीच गत करू या म्हणजे फोटो लावायला तरी बरा.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मोठ्या शहाण्या.

आमचा तंबू म्हणायला तंबू. आत झुंबर, गालिचे आणि बाथरूममध्ये पितळी पायांचा बाथटब. टबाच्या काठावर कार्ड, 'वाळवंटात पाणी अमूल्य आहे, कृपया टॉवेल पुन्हा वापरा'. टबाबद्दल कार्ड गप्प. मीही गप्प. पहिल्या रात्री गळ्यापर्यंत टब भरून मी त्यात पाऊण तास पडले होते. टॉवेल मात्र मोठ्या निष्ठेनं पुन्हा वापरला.

सुदासरीहून परतताना काकांनी चहाला घरी नेलं, त्यांच्या ढाणीवर, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर. अंगणात टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं. वर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. आपण दागिन्यांच्या कपाटाला लावतो तसलं. नातीनं गळ्यातली किल्ली काढली, झाकण उघडलं, छोटी बादली सोडली आणि ओढताना थेंब सांडू नये म्हणून इतकी हळू ओढली की मला बघवेना. त्या पाण्याचा चहा मी प्यायले. काकू म्हणाल्या, अजून अर्धा कप घ्या. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं चहा आवडला नाही.

रागावून लिहायला बसले होते, आता नेमकं कुणावर रागावलेय तेच कळेना. मॅनेजरला उत्तर पाठवलंय, जाहिरातीतला गोडावणचा फोटो तरी काढून टाका म्हणून. दोन निळ्या टिका आल्यात, बाकी काही नाही.

डिसेंबरात कुणी जाणार असेल तर इनबॉक्समध्ये या, काकांना विचारून त्यांचा नंबर देते. पहाटे सहाला निघा, वन खात्याचा परवाना आदल्या दिवशीच काढून ठेवा. पिवळी टोपी घरी ठेवा. आणि काकूंनी चहा दिला तर दुसरा अर्धा कपसुद्धा घ्या, नको म्हणू नका.