पाहुणा असला तरी काँट्री द्यायची

मागच्या रविवारी फैजपूरजवळच्या मळ्यात आमची भरीत पार्टी होती. डिसेंबरात सुट्टीवर गावी आलो की ही एक संध्याकाळ ठरलेली. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या, बामणोदची हिरवी वांगी जाळावर टाकली होती. तेवढ्यात एक जण म्हणाला, "पुढच्या जूनला आम्ही चार जणं येतो भो तुझ्याकडं. युरोप दाखव आम्हाले."

मी म्हणालो, "या की. काँट्री मात्र सारखी."

क्षणभर नुसता पऱ्हाट्यांचा तडतडाट. मग दुसरा हसत हसत बोलला, "अकरा वर्षं तिकडं राहून हा पार गोरा झाला रे!"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितोय. मी ते 'काँट्री' चेष्टेत म्हणालो नव्हतो आणि परत घेणारही नाही.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. घर दोन खोल्यांचं, वर एक माळा, नोकरी नवरा-बायको दोघांना. या जूनमध्ये गावाकडचे पाच जण आमच्याकडे आले होते आणि आम्ही सात जणांनी नऊ दिवस गाडीने भटकंती केली. ती सहल झकास झाली. ती का झाली हे कळायला २०२२ची गोष्ट आधी सांगावी लागेल.

कोरोना ओसरल्यावर त्या उन्हाळ्यात एक जुना मित्र कुटुंबासह बारा दिवस राहून गेला. मी रक्ताने खान्देशी. पाहुण्याने खिशात हात घातला की आमचा जीव खालीवर होतो. गाडी माझी, डिझेल माझं, हॉटेल माझं, तिकिटं माझी. सौ. दिवसभर लॅपटॉपवर नोकरी करायची आणि संध्याकाळी सहा माणसांच्या पोळ्या लाटायची. त्या वर्षीचे आमच्या दिवाळीच्या तिकिटांचे पैसे त्यातच गेले, आम्ही गावी आलो नाही. आणि पुढे कानावर काय आलं? "ठीक आहे. घर अगदीच लहान आहे त्याचं."

दोष एकट्या त्याचा नाही. मी एकदाही तोंड उघडून सांगितलं नाही की मला हे झेपत नाहीये. त्याला कळणार कुठून? तो माझ्याकडे आपल्या गावच्या डोळ्यांनी बघत होता.

गावी पाहुणा आला की काय होतं ते आठवा. काकू खापरावर मांडे टाकायला बसते, वहिनी रस काढते, धाकटा भाऊ मोटरसायकलवर टांग टाकून शेव आणायला जातो, शेजारचा आपली गाडी देतो आणि पाहुण्यांना अजिंठा दाखवून आणतो (सोमवारी लेणी बंद असतात हे दर वेळी फर्दापूरला पोचल्यावरच आठवतं). दहा-बारा जणांचे हात त्या पाहुणचाराला लागलेले असतात. म्हणून यजमान ऐटीत म्हणू शकतो, "अहो, त्यात काय एवढं!" आणि खरं बोलायचं तर तो गावचा पाहुणचारही फुकट नसतो. चुलीपुढे बसलेल्या बाईचा हिशेब कुणी मांडत नाही, एवढंच. परदेशात ती काकू नाही, तो धाकटा भाऊ नाही, शेजाऱ्याकडे गाडीची किल्ली मागायची सोय नाही. दोन माणसं, त्यांची मोजकी रजा, आणि रविवारी सगळी दुकानं बंद.

म्हणून या वेळी फेब्रुवारीतच व्हिडिओ कॉल लावला. पाच जण म्हणजे आमचा रावेरकडचा केळीवाला आणि वहिनी, मास्तर आणि त्यांच्या मिसेस, आणि अमळनेरचा मेडिकलवाला, तो एकटा. त्यांनी यादी पाठवली होती: पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम. दहा दिवसांत. टूरवाल्यांच्या जाहिरातीतून उतरवून काढलेली, हे उघड होतं. मी म्हणालो, माझ्या दारातून पॅरिस सहाशेच्या वर किलोमीटर, रोम हजाराच्या आसपास. तुम्हाला युरोप बघायचाय की युरोपातले पेट्रोल पंप? मेडिकलवाला म्हणाला, "मंग तूच सांग ना भाऊ, कथा जावानं ते." तिथे पहिली लढाई जिंकलो.

दुसरी व्हिसाची. जळगावच्या एजंटाने मास्तरांच्या डोक्यात भरवलं होतं की 'तिकडच्या माणसाकडून स्पॉन्सर लेटर घ्या, काम पक्कं होतं.' जर्मनीत त्या कागदाला फेरप्फ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. नाव उच्चारायला जितकं जड, तितकाच तो कागदही जड. यजमान सरकारी कार्यालयात जाऊन २९ युरो भरून सही करतो, आणि पाहुण्याचा राहण्याचा, आजारपणाचा खर्च सरकारवर पडला तर तो यजमानाकडून वसूल होऊ शकतो. मी साफ नाही म्हणालो. आई-वडिलांसाठी ती सही केली आहे, पुन्हा करीन. पण ज्यांची बँक खाती आणि आयकर विवरणं व्यवस्थित आहेत, त्या मित्रांसाठी कशाला? साधं निमंत्रणपत्र दिलं. बाकी त्यांनी स्वतःच्या कागदांवर केलं. व्हिसाची फी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा. पाचही जणांना व्हिसा मिळाला. मास्तर दोन आठवडे माझ्याशी तुटक बोलत होते, तेही निवळलं.

तिसरी पैशांची. घरी आहात तोवर खाणंपिणं-झोपणं आमचं, त्यावर बोलायचं नाही. घराबाहेर पाऊल पडलं की सात डोकी, सात वाटे. भाड्याची नऊसीटर, डिझेल, रस्त्याच्या टोलचे स्टिकर, मुक्काम, सगळं. हे बोलताना माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आपल्या माणसांना पैसे मागायचे! फोनवर शांतता. मग केळीवाल्या वहिनी म्हणाल्या, "बरं झालं बाई बोललात. आम्हाला वाटत होतं तुम्ही काही घ्यायचेच नाहीत, मग आम्ही मोकळं फिरणार कसं?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. २०२२चा मित्र प्रत्येक दुकानात हात मागे बांधून उभा असायचा. मला वाटायचं, याला कशात रसच नाही.

सामानाबाबत एक सांगून ठेवतो. बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, साजूक तूपही नाही. ताज्या फळांना वेगळं प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, नारळ, खजूर, डुरियन आणि केळी. हे ऐकून केळीवाल्याने एक आख्खी फणी आणली. एअरपोर्टवर कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही याचं त्याला वाईट वाटलं. बाकी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी. बिबड्यांचा डबा दोन दिवसांत रिकामा झाला आणि तोच आमचा गल्ला बनला. सगळ्यांनी सारखे पैसे त्यात टाकले, हिशेब मेडिकलवाल्याकडे, कुठल्याशा औषध कंपनीच्या डायरीत.

मेडिकलवाल्याने आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढून आणलं होतं, त्यामुळे गाडीच्या करारात दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव घातलं. हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा पाहुणचार, आणि तो पाहुण्याने केला. पहिल्या तासात तो ऑटोबानच्या, म्हणजे जर्मन हायवेच्या, डाव्या लेनमधून ११०ने आरामात चालला होता. मागून दिव्यांचा लखलखाट. "हाई काय शे भाऊ? लग्नानी वरात शे का?" त्याला समजावलं की डावी लेन ओव्हरटेकपुरती, काम झालं की उजवीकडे यायचं. पुढे ट्रॅफिक तुंबल्यावर डाव्या रांगेतल्या गाड्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे सरकल्या आणि मधून ॲम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी झाली, कुणी न सांगता. मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या वर्गातली मधली वाट मोकळी व्हायला पंधरा मिनिटं लागतात."

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला मी कॅथेड्रलबद्दल सगळं पाठ करून गेलो होतो. १४२ मीटर उंची, १६४७ ते १८७४ जगातली सगळ्यात उंच इमारत वगैरे. केळीवाला मात्र वाटेत पाणी घ्यायला म्हणून सुपरमार्केटात शिरला आणि बाहेर येईना. आत जाऊन बघतो तर केळ्यांच्या खोक्यासमोर उकिडवा. एकेक फणी उचलून देठ बघतोय, डाग बघतोय. "भो, हे त आपलंच! कॅव्हेंडिशच्याच घरातलं, आपल्या ग्रँड नैनचं भाऊबंद." स्टिकर इक्वाडोरचं. १८ किलोचं खोकं, हिरवं केळं साधारण तेरा-चौदा अंशांवर जहाजातून आणायचं, इथे रायपनिंग चेंबरमध्ये पिकवायचं, हे सगळं तोच मला सांगत होता. समुद्रापलीकडून आलेलं केळं एकसारखं, एकाही फणीला घासल्याचा डाग नाही. त्याने भाव पाहिला, मनात शंभराने गुणलं आणि गप्प झाला. त्या आठवड्यात शिवारात त्याला काय भाव मिळाला होता ते इथे लिहीत नाही, चिडेल.

पाऊण तास गेला. मास्तर वैतागले, वहिनी वैतागल्या. एरवी मीही वैतागलो असतो, कारण यजमानाला आपण आखलेला कार्यक्रम प्यारा असतो. पण त्या दिवशी मला कळलं की सहल माझ्या एकट्याच्या पैशांवर नाही, म्हणून ती माझ्या एकट्याची नाही. त्याच्या वाट्याच्या पाऊण तासात त्याने केळी बघितली. कॅथेड्रलसमोर त्याने दोन फोटो काढले, ते ठीक आले.

कोलमार, ऱ्हाईनचा धबधबा यांचे फोटो मी टाकलेत, पुन्हा वर्णन करत नाही. स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटात २,४२९ मीटरवर जूनमध्ये रस्त्याकडेला बर्फ होता आणि मास्तरांच्या मिसेस साडीवर स्वेटर घालून त्यात मुलीसारख्या खेळल्या.

स्वित्झर्लंडमध्ये सात जणांनी हॉटेलात साधं जेवायचं म्हणजे सहज दोनशे फ्रँक, रुपयांत वीस हजारांच्या वर. एकदाच जेवलो, त्यातही फ्रेंच फ्राईजवर कांदा मागून झाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका तळ्याकाठच्या जाळाच्या जागेवर नेलं. तिकडे जंगलात, तळ्याकाठी अशा सार्वजनिक जागा असतात: दगडांचं गोल कोंडाळं, वर जाळी, आणि पुष्कळ ठिकाणी फोडलेली लाकडंही रचून ठेवलेली. वांगी मिळाली ती इटलीची काळी, जाडजूड, बियाळ. मेडिकलवाल्याने जाळ केला, केळीवाल्याने वांग्यांना टोचे मारून तेलाचं बोट फिरवलं, मास्तरांनी मिरच्या-लसूण ठेचला, तोही तळ्यातल्या दगडाने. वहिनींनी जाळाशेजारी उलट्या तव्यावर कळण्याच्या भाकरी थापल्या. आमच्या सौ. एका दगडावर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांना कुणी उठूच दिलं नाही. अकरा वर्षांत तिच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी तिला गरम भाकरी वाढल्याचं मला तरी आठवत नाही.

भरीत बरं झालं होतं. बामणोदच्या वांग्याची सर नाही. साडेनऊ वाजले तरी उजेड होता, आणि मास्तर पुन्हा पुन्हा घड्याळ कानाला लावून बघत होते.

ऑगस्टमध्ये स्विस पोलिसांचं पत्र आलं. एका गावात ताशी ५०च्या जागी ५८ची नोंद, दंड १२० फ्रँक. गाडी मीच चालवत होतो, म्हणून गुपचूप भरला. सौ.ने गंमत म्हणून ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात गावी वडिलांच्या फोनवर पैशांचे तीन मेसेज आले. मेडिकलवाल्याने खाली लिहिलं होतं, "दंडनी बी काँट्री ऱ्हास भाऊ."

आता मला सांगा, यात गोरेपणा कुठे आला? मळ्यातल्या भरीत पार्टीत तरी दुसरं काय असतं? वांगी एकाची, पीठ दुसऱ्याचं, पऱ्हाट्या तिसऱ्याच्या बांधावरच्या, आणि जो काहीच आणत नाही तो भांडी घासतो. तिथे कुणी यजमान नसतो म्हणून कुणाला ओझं होत नाही. मला गोरा म्हणणाऱ्यानेही त्या रात्री दोनशे रुपये काढलेच होते, आणि कांद्याची पातही त्याच्याच घरची होती.

तर जूनचं सांगतो. चार जणांनी खरंच यायचं ठरवलं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कॉल करू. आई-वडिलांना घेऊन यायचं असेल तर वेगळं बोलू, त्यांच्याकडून एक पैसा घेणार नाही. नऊसीटरमध्ये आम्ही दोघं आणि तुम्ही चार धरून तीन जागा उरतात. ज्याच्याकडे इंटरनॅशनल लायसन्स असेल त्याला आधी. आणि तवा कुणीतरी आणा, मागचा त्या तळ्याकाठी राहून गेला.