सही, पेन्शन आणि चॅपलची घंटा

नमस्कार.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप मुख्यतः दोन. प्राध्यापकांकडून श्रद्धेच्या कागदावर ('माझी ख्रिस्ती श्रद्धा अमुक' असं सांगणाऱ्या) सही घेणारी अमेरिकन ख्रिस्ती कॉलेजं म्हणजे सोवळ्यातल्या पाठशाळा, आणि मी त्या सोवळ्याची वकिली करतो, हा पहिला. हार्वर्ड-येलनं धर्माचं जोखड झुगारलं म्हणून ती मोठी झाली, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण 'झुगारलं' या शब्दापाशीच मी अडखळलो. हार्वर्ड १६३६ चं, येल १७०१ चं. दोन्हींच्या मुळाशी शिकलेले पाद्री हवेत ही निकड होती. चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला हजर राहण्याची, सक्ती हार्वर्डनं १८८६ मध्ये उठवली, येलनं थेट १९२६ मध्ये. चाळीस वर्षांचं अंतर! बंडं अशी होत नाहीत. एखादा भाडेकरू रोज एकेक पिशवी हलवतो आणि एक दिवस खोली रिकामी दिसते, तसा हा प्रकार.

त्यात पैशाचा वाटा किती, हे बघा. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. त्यातली एक अट अशी, की कॉलेज कुठल्या पंथाच्या ताब्यात नको. मग काही कॉलेजांनी आपल्या नियमांतली पंथाची कलमं काढून टाकली. डार्विन वाचून नव्हे हो, म्हातारपणाची सोय बघून! मी त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण याला विवेकाचा विजय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता सही. इलिनॉयमधल्या व्हीटन या प्रॉटेस्टंट कॉलेजात प्राध्यापक दर वर्षी श्रद्धेच्या निवेदनावर सही करतात. तुम्ही दिलेलं उदाहरण खरंच आहे: तिथं तत्त्वज्ञान शिकवणारा एक जण २००४ मध्ये कॅथलिक झाला आणि त्याची नोकरी गेली. सही करायला त्याची ना नव्हती, हे तर आणखी बोचतं. मला तो निर्णय पटलेला नाही. तरी सहीची प्रथाच मोडावी, इथवर मी येत नाही. क्रूस, बोधवाक्य, चॅपलची घंटा हे सगळं शंभर वर्षं तसंच राहू शकतं. पण अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकवणाऱ्याला आपल्या विषयाचा श्रद्धेशी काही संबंध आहे असं वाटतंय का, यावर कॉलेजची जात ठरते. नेमणुका करताना तीस वर्षं नुसते शोधनिबंध मोजले, की त्यानंतर वर्गात देवाचं नाव काढणं अडाणीपणाचं वाटू लागतं. कुणी बंदी घातलेली नसते.

कॅथलिकांनाही हे चुकलं नाही. १९६७ मध्ये नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष थिओडोर हेसबर्ग आणि इतरांनी विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथं जाहीर केलं, की विद्यापीठाला बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून स्वायत्तता हवी, मग ती सत्ता धर्मपीठाची का असेना. १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशात काय आलं? कॅथलिक विद्यापीठात बिगर-कॅथलिक अध्यापकांचं बहुमत होऊ देऊ नये. एवढा तत्त्वज्ञ पोप, पण शेवटी त्यालाही डोकी मोजावी लागली.

एका ठिकाणी मात्र तुमचं पूर्ण बरोबर. बॉब जोन्स विद्यापीठानं गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांवरची बंदी धर्माच्या नावाखाली चालवली, करसवलत गेली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती परत दिली नाही. 'आमची ओळख' म्हणून काहीही खपवायला निघालं, तर माझा पाठिंबा तिथं संपतो.

राहता राहिला विद्यार्थ्यांवरच्या सक्तीचा तुमचा शेवटचा ओझरता मुद्दा. मिशिगनमधल्या कॅल्विन या ख्रिस्ती विद्यापीठात श्रद्धेची अट प्राध्यापकांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. मला तीच वाटणी योग्य वाटते. मूळ लेखात हे लिहायचं राहून गेलं, ती चूक माझी.